नकोचा वेग

"नको रे बाबा, मी हितंच बरी हाय," मालनबाई म्हणाल्या.

महावीर हसला. "आई असंच म्हणते," तो बायकोला म्हणाला, आणि टेप काढून त्याने आईच्या पलंगाची लांबी मोजली.

महावीरची बँकेने पुण्याला बदली केली होती. तिथे फ्लॅट घेऊन झाला होता. त्यात आईसाठी पूर्वेच्या खिडकीची खोली होती, न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी होती, खालच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक होते आणि बाकांवर ज्येष्ठ नागरिकही होते. महावीर स्वतः जाऊन खात्री करून आला होता. मिरजेचं घर एका डॉक्टर जोडप्याला भाड्याने द्यायचं ठरलं होतं आणि ते दोघं रविवारी किल्ली न्यायला येणार होते.

मालनबाईंना विचारलं नव्हतं असं नाही. चांगलं पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि दर वेळी त्या नको म्हणाल्या होत्या. पण मालनबाईंच्या, म्हणजे चौगुल्यांच्या घरातच काय, त्या सगळ्या पट्ट्यात 'नको' हे उत्तर धरत नाहीत. 'नको' ही बोलण्याची सुरुवात असते. पहिल्या नकोला जो थांबला तो कंजूष, आणि पहिल्या आग्रहाला जो हो म्हणाला तो हावरट.

महावीरची बायको सारिका हे सगळं अर्ध्या कानाने ऐकत होती. तिच्या डोक्यात मठ्ठा होता.

सारिका कॉम्प्युटरचं काही रीतसर शिकलेली नव्हती. ती बी.कॉम. झालेली. मुलगा लहान असताना तिने एका मावसबहिणीच्या लग्नासाठी मोबाइलवर उघडणारी पत्रिका केली, हौस म्हणून. दार उघडायचं, तोरण डोलायचं आणि वधूवरांच्या नावांवर अक्षता पडायच्या. पहिल्या खेपेला त्या अक्षता डंपरमधून खडी ओतावी तशा पडल्या. मावसबहीण म्हणाली, "छान आहे गं, पण आम्ही दोघं खाली गाडले गेलोय." मग सारिकाने इंटरनेटवर शोधाशोध केली, आणि तिला कळलं की अक्षता कशा पडाव्यात यासाठी जगात एक आख्खी भाषा आहे.

वेब पानाच्या दोन बाजू असतात. पानावर काय आहे ते एका बाजूला लिहितात. ते कसं दिसावं, कसं हलावं ते दुसऱ्या. या दुसऱ्या बाजूचं नाव सीएसएस. तिथे प्रत्येक हालचालीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. ती किती वेळ चालेल ते ड्युरेशन, किती थांबून सुरू होईल तो डिले, आणि तिसरी तिची चाल, ज्याला तिकडचे लोक ईझिंग म्हणतात. खरी गंमत या चालीत. एखाद्या फुलाला वरून खाली यायला एक सेकंद दिला, तर तो सेकंद ते कसा खर्च करील? सारख्या वेगाने? आधी रेंगाळून शेवटी धावत? की आधी झेप घेऊन शेवटी अलगद? हे एक वक्र ठरवतो, आणि तो आख्खा वक्र चार आकड्यांत मावतो. अंतर तेच, वेळ तेवढाच. आकडे बदलले की तेच फूल कधी पडतं, कधी आपटतं, कधी उतरतं.

सारिकाला हे इतकं आवडलं की पुढची कित्येक वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. गावोगावच्या पत्रिका झाल्या, मग दुकानांची पानं झाली. आणि मग हातवाली यंत्रं आली.

ही यंत्रं बाजारात उतरली तेव्हा एक अडचण झाली. हात कुठून कुठे न्यायचा हे यंत्राची बुद्धी ठरवायची, पण तो कसा न्यायचा हे कोण सांगणार? त्यासाठी नवी भाषा रचण्यापेक्षा कंपन्यांनी वेबवाल्यांची जुनी भाषाच उचलली. लाखो लोकांना ती येत होती. अशा रीतीने अक्षता पाडता पाडता सारिका कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या चाली लिहू लागली. "सून यंत्रास्नी वळण लावती," मालनबाई शेजारी सांगायच्या. ते खरंही होतं.

आणि त्या आठवड्यात तिची यंत्रं पहिल्यांदा पंगतीत उतरणार होती. महावीरच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न शुक्रवारी होतं आणि जेवणाचं काम धनपाल मगदूम या आचाऱ्याकडे होतं. वाढायला माणसं मिळेनाशी झाल्यावर मगदुमांनी नाइलाजाने सहा यंत्रं घेतली होती. कमरेएवढी चाकाची गाडी, त्यावर एक हात, हातात पळी, खाली बादल्या.

बुधवारी रिकाम्या कार्यालयात तालीम झाली. मगदूम स्वतः केळीच्या पानासमोर मांडी घालून बसले. सत्तरी उलटलेला, पांढरा स्वच्छ शर्ट घातलेला माणूस. यंत्राने त्यांना भात वाढला. सरळ, एकाच वेगाने, पानावर आल्यावरही वेग तोच.

"हे वाढणं न्हवं," मगदूम म्हणाले. "हे स्लॅब टाकणं झालं. पोरी, पावणा जेवायला बसलाय, त्याचा पाया भरायचा न्हाई."

सारिकाने चाल बदलली. कारखान्याची इंजिनिअर नसरीन बागवान शेजारी टॅब घेऊन उभी होती. "ताई, जरा जिवंतपणा घाला ना," ती म्हणाली. "पत्रिकेत तुमची बटणं कशी किंचित उसळतात, तशी."

इथे सारिकाचं चुकलं. चालीच्या चार आकड्यांपैकी दुसरा किंवा चौथा एकाच्या बराच वर नेला तर हालचाल मुक्कामाच्या पुढे जाते आणि मग परत येते. बटण असं उसळलं की गोड दिसतं. मठ्ठ्याची पळी द्रोणापर्यंत आली, द्रोण ओलांडून पुढे गेली, काम आटोपून झोकात परत आली. रिकामी.

मगदुमांनी मिशीवरची कोथिंबीर काढली. "जिवंतपणा कळला," ते म्हणाले. "आता जरा कमी कर. मी आंघोळ करून आलोय."

दुपारपर्यंत चाली बसल्या. खपली गव्हाच्या खिरीची पळी बादलीतून चटकन निघायची, पानाजवळ आली की हळू व्हायची आणि शेवटचं बोटभर अंतर इतकं निवांत उतरायची की यंत्रालाच ती खीर सोडवत नाहीये असं वाटावं. मगदूम खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "आणि आग्रह कुठाय?"

"पाहुणे नको म्हणाले की ते थांबतं," नसरीन म्हणाली.

"थांबतं? पयल्या नकोला?" मगदूम उठून उभे राहिले. "अवो बाई, माझ्या पंगतीतनं माणूस उपाशी उठला म्हणून गावभर होईल!"

"मग काय, नको म्हटलं तरी वाढायचं?"

"खोट्या नकोला वाढायचं. खऱ्याला थांबायचं. एवढं कळत नसंल तर ते वाढपी कसलं, नळ हाय नळ."

"पण काका, खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे ओळखायचं कसं?"

"हात बघायचा. तोंडाकडं बघायचंच न्हाई." मगदूम पुन्हा बसले आणि त्यांनी दोन्ही नको करून दाखवले. खोट्याला हात उशिरा निघाला, तरंगत आला, पानावर येता येता मंदावला आणि बोटं फाकवून तिथेच घुटमळला. त्या बोटांमधून अख्खा लाडू गेला असता. खऱ्याला हात पळीच्या आधी पोचला आणि जागच्या जागी थांबला. त्यात घुटमळणं नव्हतंच.

सारिकाने नसरीनचा दंड धरला.

"डिले," सारिका म्हणाली. "आणि शेवटी ईझ-आउट, हळू होत होत थांबणं. खोट्या नकोला डिले असतो, नसरीन!"

"उलटं चालवू या," नसरीन म्हणाली. तिची बोटं टॅबवर सुटलीसुद्धा.

उलटं म्हणजे असं. आजवर चार आकडे देऊन हालचाल मिळवत होते. आता हालचाल बघून चार आकडे काढायचे. यंत्राच्या हातात कॅमेरा होताच. पाहुण्याचा तळवा कधी निघाला, कुठे वेगात होता, कुठे रेंगाळला, हे टिपायचं आणि त्यावर वक्र बसवायचा. शिकवायला नमुने हवेत, तर मगदुमांकडे त्यांच्या पंगतींचे वर्षानुवर्षांचे व्हिडिओ होते, आणि त्यात जिल्हाभरातले सगळे नको होते. गुरुवारी संध्याकाळी यंत्र नको वाचायला लागलं.

शुक्रवारी सकाळी नवरी बोहल्यावर उभी राहिली, मंगलाष्टकं झाली आणि पंगत बसली. पुरुष एका बाजूला, बायका समोर. सहा यंत्रं ओळीने निघाली. पहिला भात पडला आणि लोकांनी माना डोलावल्या. मगदूम खांबाला टेकून उभे होते, मुंडावळ्या त्यांनाच बांधल्यासारखे.

गडबड बुंदीपासून सुरू झाली. बापूमामांना साखरेचा आजार होता आणि समोरच्या ओळीत त्यांच्या बायकोची नजर त्यांच्या पानावर होती. यंत्र आलं तसं मामा मोठ्याने म्हणाले, "नको नको नको! मला चालत नाही!" हात मात्र बुंदी पानात पडून स्थिर झाल्यावर पोचला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि आणखी एक पळी घातली.

"अहो!" मामी समोरून म्हणाल्या.

"मी नकोच म्हणतोय! मशीनला कळत नाही त्याला मी काय करू?"

यंत्र परत आलं. मामा परत नको म्हणाले. यंत्राने परत वाढलं. तिसऱ्या खेपेला मामी उठून आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरून पानावर दाबून ठेवला. यंत्राने तो हात वाचला, ते अदबीने मागे झालं आणि पुढच्या पानाकडे वळलं. बापूमामांनी त्याच्या पाठीकडे असं बघितलं की सारिकाला गलबलून आलं.

पंगतीला मेख कळायला वेळ लागला नाही. वरमाई कडक आवाजात नको म्हणाल्या आणि त्यांना तीनदा खीर मिळाली, तशी त्या लाजल्या. एका तरुण सुनेने दोन्ही हात पदराखाली लपवले. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, हात वर करा, म्हणजे खरं काय ते कळू दे!" आणि बायकांची ओळ हसून लवली.

त्या ओळीच्या टोकाला, थोरल्या मानाने, मालनबाई बसल्या होत्या.

खिरीचं यंत्र त्यांच्यापुढे आलं. मालनबाई हळूच म्हणाल्या, "नको." यंत्र थांबलं, मागे झालं, पुढे गेलं. वाढायला परत आलं तेव्हाही तसंच. खीर आली आणि पानाला न शिवता गेली.

हे आधी नवरीच्या आत्याने बघितलं. "अगं बाई! थोरल्या काकूंच्या पानात खीर नाही!" मग सगळ्यांनी बघितलं. सगळ्या पंगतीत तेवढं एक पान कोरडं. महावीर पुरुषांच्या ओळीतून अर्धा उठला. "सारिका! तुझं मशीन आईला वाढत नाहीये!" मगदूम खांब सोडून धावले. "बंद करा! बंद करा ते! मानाच्या बाईला वगळलं!"

सारिकाने टॅब ओढून घेतला. कॅमेऱ्यावर डाग असेल, बांगड्यांवर उजेड चमकला असेल, काहीतरी असेल.

"काही नाहीये ताई," नसरीन हलक्या आवाजात म्हणाली. "मी दोनदा बघितलं. हे बघा, डिले शून्याच्याही खाली आहे. पळी बादलीतून निघायच्या आधीच त्यांचा हात निघालाय."

डिले शून्याखाली असणं ही सीएसएसमधली सारिकाची लाडकी चीज होती. अशी हालचाल दिसायला लागते तेव्हा ती आधीच अर्ध्यावर आलेली असते, जणू कधीची सुरूच होती.

तिने एक बादली उचलली आणि सासूपुढे जाऊन वाकली. "आई, थोडीशी घ्या. माझ्या हातची समजा."

"नको," मालनबाई म्हणाल्या.

सारिका आजवर सासूच्या चेहऱ्याकडे बघून वाढत आली होती. चेहरा नेहमीसारखाच होता, सोशिक, हसरा. आज तिने हाताकडे बघितलं. तळवा पानावर आला होता आणि ठप्प थांबला होता. बोटं जुळलेली. त्यातून बुंदीची कळीसुद्धा गेली नसती.

"आई," पळी तशीच हवेत धरून तिने विचारलं, "तुम्हाला खीर आवडत नाही?"

पंगत कान टवकारून पुढे झुकली.

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ल्हानपणापासनं. गिळगिळीत लागती मला ती."

"मग कधी सांगितलं का नाही?"

मालनबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जणू सुनेलाच काहीतरी झालंय. "सांगितलं की! दर खेपेला सांगितलं. नको म्हणजे तुमच्यात काय म्हणत्यात?"

"पण काकू, तुम्ही तर वाटीच्या वाटी संपवायचात!" आत्या म्हणाली.

"पानात टाकायचं न्हाई म्हणून संपवायची. संपवली की तू आणि वाढायचीस. लई सोसलंय बाई मी तुझ्या हातचं."

आधी मगदूम हसले, मग सगळेच. कुणीतरी विचारलं, मग काय वाढू? मालनबाईंनी आमटीभात मागितला, वर मिरचीचा खर्डा, आणि त्या मन लावून जेवल्या. जेवताना त्यांचे खांदे इतके सैल झालेले सारिकाने कधी बघितले नव्हते.

सारिका मात्र हसत नव्हती. खीर होऊन गेली होती. तिला रविवारची किल्ली दिसत होती.

परतीच्या गाडीत महावीर म्हणाला, "आई, एसी लावतो." "नको," मालनबाई म्हणाल्या. हात आधीच पदराकडे निघाला होता. महावीरने एसी लावला आणि त्यांनी पदर कानांवरून घेतला. घरी आल्यावर दूध? नको. दूध समोर आलं. शाल? नको. शाल खांद्यावर आली. टीव्हीवर प्रवचन लावू? नको. प्रवचन सुरू झालं, आणि दूध पीत, शाल पांघरून, मालनबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. सारिकाला वाटलं, एवढी माया एकट्या माणसाच्या अंगावर रोज घातली तर त्याने श्वास कुठून घ्यावा?

शनिवारी महावीर खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अहो, आईंना पुण्याला यायचं नाहीये."

"आई असंच म्हणते."

"खिरीचंही असंच म्हणायच्या."

चिकटपट्टी चर्रकन ओढली गेली. "म्हणजे आता तुझं मशीन मला माझी आई कोण ते सांगणार? भातवाढं मशीन?"

"मशीन राहू द्या. मी काय सांगते ते ऐका. फोनमध्ये एक खूण असते, हालचाल कमी ठेवा अशी. पडद्यावर फार काही हललं की ज्यांना चक्कर येते ते ती लावून ठेवतात. मग पान कितीही देखणं असो, ते आधी ती खूण बघतं आणि गप्प उभं राहतं. त्या माणसाला पुन्हा सांगावं लागत नाही. कुणी त्याला म्हणत नाही, अहो असं काय करता, थोडंसं तरी हलू द्या. मी लिहिलेल्या प्रत्येक पानात ती ओळ आहे. ज्यांचं तोंडही बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहिलीय मी ती. आणि आईंचं आपण एकदाही ऐकलं नाही."

महावीरने चिकटपट्टी खाली ठेवली. मग एकदम म्हणाला, "म्हणजे तिला मी नकोय."

इतक्या मोठ्या बँकेचा मॅनेजर, आणि चेहरा कुणी शाळेच्या फाटकात विसरून गेलेल्या पोरासारखा. सारिकाला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण दोघांच्या मध्ये पितळेची भांडी होती.

"तसं नाही हो ते."

"मग कसं? तू ते मशीन घेऊन ये. आजच आण. त्याच्यासमोर विचारतो. वक्र बघू दे मला."

"आणणार नाही."

"का?"

खरं तर सकाळीच नसरीनचा फोन येऊन गेला होता. पंगतीची बातमी कारखान्यात पोचली होती आणि साहेब उड्या मारत होते. साड्यांची दुकानं, विमा विकणारे, सगळ्यांना नको वाचणारं यंत्र हवं होतं. गिऱ्हाईक नको म्हणालं तर अजून किती ताणायचं ते कळेल. सारिकाने चाल लिहून द्यावी, असं साहेब म्हणत होते. "नको," सारिका म्हणाली होती. "खरं की खोटं, ताई?" नसरीनने हसत विचारलं होतं, आणि मग स्वतःच म्हणाली होती, "कळलं. मीपण तेच सांगते त्यांना. लग्नाच्या जेवणापुरतं ठीक आहे."

"का आणायचं नाही?" महावीरने पुन्हा विचारलं.

"कारण आई तुमची आहे," सारिका म्हणाली. "कॅमेरा कशाला लागतो? तुम्ही बघा. फक्त विचारल्यावर जरा थांबा. तुम्ही कधी थांबतच नाही. तुमच्या प्रश्नातच पुढची चार वाक्यं भरलेली असतात."

रविवारी मालनबाई अंगणातल्या खुर्चीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. डॉक्टर जोडपं थोड्या वेळात येणार होतं. महावीर स्टूल घेऊन आईसमोर बसला. सारिका दारात उभी राहिली, आत जावं की थांबावं हे न कळून.

"आई, पुण्याला येतेस का?"

पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं सारिकाला स्पष्ट दिसलं. असं कसं, खोली केलीय, दांडी लावलीय. त्याने ते गिळलं. सारिकाने त्याला इतका वेळ गप्प राहिलेलं फक्त दाताच्या डॉक्टरकडे बघितलं होतं.

मालनबाईंचा शेंगांतला हात वर आला. निघाला तेव्हाच अर्ध्यावर होता. "नको रे," त्या म्हणाल्या. आणि कुणीच मध्ये काही बोललं नाही म्हणून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यांना पुढचं वाक्यही मिळालं.

"मी कधी एकटी ऱ्हायलेच न्हाई बघ. बापाच्या घरात बारा माणसं, सासरी चौदा. मग तुमी. मला एकदा दुपारी दार लावून बसायचंय. भाजीभाकरीला मन न्हाई तर न्हाई करायची. सांच्याला गल्लीतल्या बायकांत जायाचं. कुणी उठून चा घेता का म्हणून इचारायला येऊ नये. तुझ्यावर राग न्हाई बाळा. पर तुझी माया लई जोरात येती. अंगावर येती."

महावीरने मान खाली घातली. मग वर केली.

"बरं," तो म्हणाला. "राहा."

त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच डॉक्टरांना लावला. फार दिलगीर आहे, घर द्यायचं नाही ठरलं, आई इथेच राहणार. डॉक्टर म्हणाले, छे छे, काही हरकत नाही. फोनवर हात दिसत नसल्यामुळे खरी हरकत किती होती ते कळायला मार्ग नव्हता. गल्लीतली सुलभा रात्री सोबतीला येईल का ते विचारू, असं स्वतःशीच म्हणत महावीरने फोन खिशात ठेवला, आणि त्याच्या लक्षात आलं की आई शेंगा सोलायची थांबली आहे.

मालनबाईंचा चेहरा पडला होता.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"एवढ्यात झालं? मी नको म्हटलं की लगीच बरं?" त्यांनी टोपलं बाजूला ठेवलं. "पोटचा पोरगा तू! एकदा तरी म्हणायचं की, चल आई म्हणून. वाण्यानं सुद्धा म्हटलं असतं!"

महावीरने दाराकडे बघितलं. सारिकाने खांदे उडवले. हे कुठल्याच चार आकड्यांत बसणारं नव्हतं.

"चल ना आई," महावीर म्हणाला, आणि बोलताना त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "चल माझ्याबरोबर. मला करमणार नाही तिथं."

"न्हाई येत जा," मालनबाई ठसक्यात म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "अजून एकदा म्हण."

"चल की गं."

"न्हाई म्हटलं न्हवं का!"

त्यांचा हात ठप्प थांबला होता, बोटं जुळवून. तो तिथून हलला आणि महावीरच्या डोक्याकडे निघाला. शेवटचं बोटभर अंतर त्याने इतकं सावकाश घेतलं की सारिकाला आत जाऊन चहा टाकावासा वाटला, पण तिने टाकला नाही. कुणी मागितला नव्हता.

"आम्ही महिन्यातून एकदा येत जाऊ ना?" महावीरने डोळे पुसत विचारलं.

"या की," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी टोपलं पुन्हा मांडीवर ओढलं. "तुमचंच घर हाय. फकस्त येताना फोन करून या."